गोवळकोंड्याचा दर्यापार व्यापार

परराष्ट्रांशी सलोख्याने चालविलेला व्यापार राज्यास किती बळ देतो, याचा दाखला हैदराबादकरांस दूर शोधावयास नको. इ. स. १५९१ मध्ये महंमद कुली कुतुबशहाने हे नगर वसविले, तेव्हा गोवळकोंड्याच्या राज्याला दर्याचे द्वार होते ते कृष्णेच्या मुखाजवळील मच्छलीपट्टण बंदराचे.

इराणशी या राज्याचा स्नेह जुना होता. नगररचनेत ज्याचा मोठा वाटा मानला जातो तो पेशवा मीर मोमीन हा मूळचा अस्तराबादचा. पुढे १६०५ साली डच आणि १६११ साली इंग्रज मच्छलीपट्टणास आले. अब्दुल्ला कुतुबशहाने इंग्रजांस वार्षिक ५०० होन जकातीवर व्यापाराची मुभा दिली. परकीय व्यापारी मुख्यतः सोने, चांदी, तांबे व मसाले आणीत आणि कलमकारीचे कापड नेत. हेच कापड जावा-सुमात्राकडे मसाल्यांच्या मोबदल्यात खपे.

या देवघेवीचा लाभ केवळ दरबारापुरता नव्हता. व्यापारी विणकरांस आगाऊ रक्कम देत. त्यायोगे कापूस पिकविणारा, सूत काढणारी, रंगारी, गाडीवान, तांडेल अशा अनेकांच्या घरी चूल पेटे. कोल्लूरच्या हिऱ्याच्या खाणीवर सुमारे ६०,००० माणसे राबत होती, असे फ्रेंच जवाहीर तावेर्निये याने नमूद केले आहे. १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराज हैदराबादेस आले, तेव्हा कर्नाटकच्या मोहिमेसाठी कुतुबशहाने द्रव्य व तोफखाना यांचे साहाय्य दिले. ज्या खजिन्यातून हे द्रव्य आले, त्याच्या भरणीत व्यापाराचा व हिऱ्यांचा वाटा मोठा होता.

तथापि सलोखा म्हणजे बेसावधपणा नव्हे. गोवळकोंड्यापाशी परकीयांच्या तोडीचे आरमार नव्हते. समुद्रावर त्यांचाच वरचष्मा राहिला. १६८७ साली औरंगजेबाने किल्ला घेतला आणि राज्य बुडाले. कालांतराने मच्छलीपट्टणचे महत्त्व ओसरून मद्रास पुढे आले. याउलट शिवछत्रपतींची दृष्टी पाहावी. बारदेशातील पोर्तुगीज अमलाखालचे मीठ स्वस्त पडून कुडाळ प्रांतीचे मीठ विकेनासे होईल, हे जाणून त्यांनी १६७१ साली आपल्या सुभेदारास बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. व्यापार तोडला नाही. मात्र आपल्या मिठागरवाल्याचे पोट त्यांनी आधी पाहिले.

‘महाजन’ या शब्दाचा एक जुना अर्थ सावकार, पेढीवाला असाही आहे. पेढी चालते ती शब्दाच्या पतीवर, आणि टिकते ती चोख हिशेबावर. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यापाराचेही तसेच आहे. परस्परांस लाभ होईल तोवरच मैत्री मैत्री राहते, आणि तो लाभ विणकराच्या मागापर्यंत पोहोचला तरच राज्य सधन होते. गोवळकोंड्याच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच होय.