नेटवर्क कार्डाचं जॉबवर्क

'ऑफलोड' म्हणजे काय? आमच्या जालना एमआयडीसीच्या भाषेत जॉबवर्क! प्रोसेसरने आपलं काम नेटवर्क कार्डाला द्यायचं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये 'टीसीपी चिमनी' आणून अख्खं कनेक्शनच कार्डाच्या हवाली केलं. २००७ च्या सर्व्हिस पॅक २ ने ती विंडोज सर्व्हर २००३ वर आपोआप चालू झाली. काही कार्डांचे ड्रायव्हर कच्चे निघाले, कनेक्शनं तुटू लागली. २००८ मध्ये ती बंद करणारं अपडेट काढावं लागलं.

लिनक्सने मात्र चेकसम काढणं, पॅकेट पाडणं इतकंच बाहेर दिलं, हिशोबाची वही घरातच ठेवली. मला हेच पटतं. गेल्या वर्षी इथल्या एका सळईच्या कारखान्यात बिलं निघेनात, गाड्या गेटवर उभ्या. कार्डाचं ऑफलोड बंद केलं आणि गाड्या सुटल्या. जॉबवर्क द्या हो, पण परत घेता आलं पाहिजे!