आधी घर, मग बालगृह

पोरक्या मुलाला गावाबाहेरच्या एखाद्या संस्थेत नेऊन ठेवणे, हीच आपल्याकडे फार काळ त्याची काळजी समजली गेली. आजचा कायदा मात्र संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात हा बदल पोचायचा असेल, तर तो इथवर कसा आला हे पाहायला हवे.

महाराष्ट्रात या वाटेवरचे पहिले ठळक नाव फुले दांपत्याचे. काशीबाई नावाच्या विधवेने लोकलाजेपायी नवजात बाळाला मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ते पाहून 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तिथेच ठेवावे, अशी ती सोय होती. 1884 मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवले, की तोवर 35 विधवा तिथे आल्या, पण त्यांची पाचच मुले जगली. गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या औषधांनी बाकीच्यांचा पोटातच घात झाला होता. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले आणि शिकवून डॉक्टर केले. संस्था काढणाऱ्यांनीच त्या मुलाला स्वतःचे घरही दिले.

1875 मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. पुढच्याच वर्षी पडलेल्या मोठ्या दुष्काळाने अनाथांची संख्या वाढवली. शतकाच्या अखेरच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपासमारीतून वाचवलेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. हे काम माणुसकीचे होते, पण ते चालायचे देणग्यांवर आणि एखाद्या थोर व्यक्तीच्या जिवावर. मुलाचा तो हक्क आहे, असे कोणत्याच कायद्याने म्हटले नव्हते.

सरकारने या मुलांकडे पाहिले ते वेगळ्या नजरेने. 1850 च्या कायद्याने गरीब आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना उमेदवार म्हणून कामाला लावण्याची सोय केली. 1857 मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा आली. 1924 चा मुंबई मुलांचा कायदा आणि 1927 ची चिल्ड्रन्स एड सोसायटी यांमुळे रिमांड होमची व्यवस्था रुजली. चोरी केलेले पोर आणि चुकून हरवलेले पोर, दोघेही बऱ्याचदा त्याच दारात पोचत. 1986 मध्ये देशभरासाठी बाल न्यायाचा एक कायदा झाला. 1992 मध्ये भारताने बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता मान्य केली. 2000 च्या कायद्याने वाटा स्पष्ट वेगळ्या केल्या: काळजीची गरज असलेल्या मुलांसाठी बालकल्याण समिती, गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी बाल न्याय मंडळ. 2015 च्या कायद्याने मूल शक्यतो कुटुंबातच वाढावे, हे तत्त्व म्हणून लिहून ठेवले.

आता नंदुरबारकडे या. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात भिल्ल, पावरा समाजाची वस्ती मोठी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुले एकतर फडावर जातात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात. आई-बाप गेलेल्या मुलाला काका-मामा सांभाळतात, पण त्याचा कागद कुठेच नसतो. आश्रमशाळेत जेवण-निवारा मिळतो, पण सुट्टीत ते मूल कोणाकडे जाईल, हा प्रश्न उरतोच.

याच काका-मामांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून ती सावित्रीबाईंच्या नावाने चालते आणि मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मग गृहचौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश. बापाच्या मृत्यूची नोंदच केलेली नसेल, मुलाचे बँक खाते नसेल, तर ही वाट पहिल्याच पायरीवर अडते. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतल्या मुलाला एकवीसपर्यंत अनुरक्षणगृहाचा, म्हणजे संस्थेनंतरच्या निवाऱ्याचा, आधार आहे. 2018 पासून अनाथांना शिक्षण आणि नोकरीत 1 टक्का आरक्षणही आहे. पण तो लाभही अनाथ असल्याचा दाखला असणाऱ्यालाच मिळतो.

म्हणून खरी कसोटी गावातच लागते. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असते. ही समिती कागदावर राहू नये. ऊसतोडीची टोळी निघण्याआधी कोणती मुले मागे राहणार, त्यांना कोण सांभाळणार आणि कोणाचे कागद अपुरे आहेत, याची यादी ग्रामसभेत वाचून काढणे कळसाडीला जमण्यासारखे आहे, आणि तुमच्या गावालाही. एखादे मूल संकटात दिसले, तर 1098 वर फोन करा. तो फुकट आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.