विलो : चित्रपटातून नाण्याच्या यंत्रात

'विलो' हा जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८९ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांसाठी, तयार केलेला व्हिडिओ गेम. उड्या मारीत, शत्रूंना टिपत पुढे सरकण्याच्या प्रकारातला. रॉन हॉवर्ड दिग्दर्शित त्याच नावाच्या १९८८ च्या चित्रपटावर तो बेतलेला असून चित्रपटाची मूळ कथा जॉर्ज लुकास यांची आहे. दुष्ट राणी बाव्हमोर्डाच्या तावडीतून एलोरा डॅनन या तान्ह्या मुलीला वाचविण्याची ही कथा.

गेममध्ये नायक दोन. बुटका विलो जादूचा मारा करतो, तर मॅडमार्टिगन तलवार चालवितो. त्यामुळे नायक बदलला की खेळण्याची रीतही बदलते. वाटेत जमविलेली नाणी दुकानांत खर्चून आपले बळ वाढविता येते. खिशातले नाणे टाकून खेळायला आलेल्याला पडद्यावरही हिशेब करायला लावणारी ही योजना मोठी मार्मिक आहे.

कॅपकॉमने त्याच वर्षी निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठीही 'विलो' काढला, परंतु तो सर्वस्वी निराळा, वरून दिसणाऱ्या प्रदेशात भटकण्याचा साहसखेळ होता. नावामुळे दोहोंची गल्लत होते. आर्केडमधला 'विलो' घरगुती यंत्रांवर अधिकृतरीत्या कधी आलाच नाही. त्यामुळे चित्रपट घरबसल्या पाहता येत असला, तरी हा गेम जुनी यंत्रे जपणाऱ्यांकडे किंवा त्यांची नक्कल करणाऱ्या संगणकप्रणालींवरच भेटतो.