धूसरण आणि प्रतिमेची तेजस्विता

धूसरण (ब्लर) ही अंकीय प्रतिमा संपादनातील एक प्रक्रिया होय. यात प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्या व शेजारच्या पिक्सेलांच्या मूल्यांची भारित सरासरी ठेवली जाते. तत्त्वतः या प्रक्रियेने प्रतिमेचा तपशील कमी होतो. एकूण तेजस्विता मात्र बदलत नाही. प्रत्यक्षात काही कारणांमुळे धूसर केलेला भाग मूळ भागापेक्षा गडद दिसतो.

मूळ तत्त्व

सरासरीसाठी वापरलेल्या भारांची बेरीज १ असेल, तर सरासरी तेजस्विता कायम राहते. उदाहरणार्थ, २५५ मूल्याचा एक पिक्सेल ० मूल्याच्या पिक्सेलांनी वेढलेला असून सलग तीन पिक्सेलांची सरासरी घेतली, तर ८५ मूल्याचे तीन पिक्सेल मिळतात. बेरीज २५५ च राहते. गाउसीय धूसरणात हे भार कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घंटाकृती वक्रानुसार ठरतात.

गॅमा संकेतनाचा परिणाम

एसआरजीबी पद्धतीच्या प्रतिमेत साठवलेली मूल्ये प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतात. काळ्या (०) व पांढऱ्या (२५५) पिक्सेलांची सरासरी सुमारे १२८ येते. परंतु हे मूल्य पांढऱ्याच्या केवळ २२ टक्के प्रकाश दर्शवते. निम्म्या प्रकाशासाठी सुमारे १८८ हे मूल्य आवश्यक असते. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरील तारे किंवा दिवे धूसर केल्यास मंदावतात, तसेच लाल व हिरव्या रंगांच्या सीमेवर काळपट पट्टा उमटतो. यावर उपाय म्हणजे मूल्यांचे रेषीय प्रकाशात रूपांतर करून धूसरण करणे व नंतर पुन्हा संकेतन करणे. गिंप या मुक्त आज्ञावलीत २.१० या आवृत्तीपासून (२०१८) रेषीय प्रकाशात संस्करण करण्याची सोय आहे.

इतर कारणे

* कडा : प्रतिमेबाहेरील पिक्सेल शून्य मानल्यास कडा काळवंडतात. कडेचे पिक्सेल बाहेर पुनरावृत्त करून किंवा आरशाप्रमाणे उलटवून हा दोष टाळता येतो.
* पारदर्शकता : पारदर्शक पिक्सेलांत दडलेला काळा रंग सरासरीत मिसळल्यास आकृतीभोवती काळी किनार दिसते. रंगमूल्यांना आधी अपारदर्शकतेने गुणल्यास ती येत नाही.
* मर्यादित मूल्ये : आठ बिटांच्या प्रतिमेत दिव्याचा प्रकाश कितीही प्रखर असला, तरी त्याची नोंद २५५ वरच थांबते. म्हणून असा दिवा धूसर केल्यावर फिकट राखाडी ठिपका होतो. भिंगाच्या अस्पष्टतेत मात्र तो तेजस्वी वर्तुळासारखा दिसतो.
* पूर्णांकन : अपूर्णांक दर वेळी सोडून दिल्यास, वारंवार धूसरण केल्याने प्रतिमा हळूहळू गडद होते.

महत्त्व

प्रतिमेचा आकार लहान करतानाही पिक्सेलांची सरासरी घेतली जात असल्याने हेच दोष तेथेही उद्भवतात. खगोलीय व सूक्ष्मदर्शी प्रतिमांत तेजस्वितेवरून मोजमाप करायचे असते. तेथे चुकीच्या धूसरणाने केवळ दृश्यच नव्हे, तर निष्कर्षही बदलू शकतो.