जिकरी चिठ्ठी

माझा भाचा नोकरी शोधतो आहे. इंटरनेटवर त्याच्या दोन हजार ओळखी आहेत. परवा म्हणाला, "मामू, तिथं माझ्याबद्दल दोन चांगले शब्द लिहा." लिहिले. काही खर्च आला नाही, आणि तेच मनाला खटकलं.

लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या. इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. सात हालीचे सहा कलदार. माल गाडीनं जाई, पण रोकड बरोबर नेणं जोखमीचं. अशा व्यापारात देशभर चाले ती हुंडी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदतीची असली तर मुदत भरल्यावर. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ. शहाजोग हुंडीचे पैसे फक्त 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्यालाच मिळत. (आज आपण 'शहाजोग' टोमणा म्हणून वापरतो. शब्दाचीही पत जाते ती अशी.)

यातच एक कागद होता, जिकरी चिठ्ठी. जिक्र म्हणजे उल्लेख. आमच्या घरी जिक्र म्हणजे अल्लाचं नामस्मरण, म्हणून हा शब्द मला जवळचा. हुंडी लिहिणारा परगावच्या दुसऱ्या एखाद्या पेढीच्या नावे चिठ्ठी देई: ज्याच्यावर हुंडी लिहिली त्यानं ती नाकारलीच, तर आपण स्वीकारावी. तो दुसरा पैसे भरी, लिहिणाऱ्याची अब्रू राखी, मागाहून त्याच्याकडून वसूल करी. नुसत्या उल्लेखावर कुणाची तरी तिजोरी उघडे. म्हणून उल्लेख जपून होई.

त्या बाजाराचे गोडवे मात्र मला गाववत नाहीत. ही पत पेढीवाल्यांची, जातीपातीच्या आणि नात्यागोत्याच्या कुंपणातली. विणकराच्या, शेतमजुराच्या पोराचा जिक्र कोण करणार? आमच्याही घराण्यात कुणाची पेढी नव्हती. इंटरनेटवर भाच्याला निदान दार ठोठावता येतं, हे थोडं नाही.

काल नांदेडच्या एका जुन्या मित्राला फोन केला. तो छापखाना चालवतो. म्हटलं, पोराला महिनाभर कामावर ठेवून बघ. नुकसान केलं तर बिल माझ्याकडे पाठव.

तो हसला. मग म्हणाला, "सोमवारी धाड. पण अगोदर सांग, त्याला मराठीचं शुद्धलेखन येतं का?"

मला ते माहीत नव्हतं. आज संध्याकाळी भाच्याला वही घेऊन बोलावलं आहे.