सोचीतला सहावा डाव आणि अकरावा डाव

वडोदऱ्यातल्या आमच्या घरात बुद्धिबळाचा विषय निघाला की आनंदचा सोचीतला सहावा डाव निघतोच. आणि कोणीतरी म्हणतंच, "तिथेच सगळं घालवलं बघ." मला हे अर्धंच पटतं.

15 नोव्हेंबर 2014. रशियातलं सोची, जगज्जेतेपदाची लढत. पाच डावांनंतर अडीच-अडीच बरोबरी. एकीकडे 23 वर्षांचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन, दुसरीकडे वर्षभरापूर्वी चेन्नईत त्याच्याकडूनच किताब गमावलेला 44 वर्षांचा विश्वनाथन आनंद. कार्लसनकडे पांढरी मोहरी. नवव्या खेळीला दोन्ही वजीर पटाबाहेर गेले आणि आनंद बराच वेळ नुसता बचाव करत राहिला.

26व्या खेळीला कार्लसनने राजा सी1वरून डी2वर आणला. घोडचूक! आनंदच्या जी6वरच्या घोड्याने ई5चं प्यादं मारलं असतं, तर मागचा हत्ती मोकळा होऊन थेट पांढऱ्या हत्तीवर येत होता. पांढऱ्याने हत्तीने हत्ती मारला, तर घोडा सी4चं प्यादं मारून शह देतो. राजा घोड्यावर चालून आला, तर बी2वर दुसरा शह. मग निवांत हत्तीची वसुली. दोन प्यादी फुकट!

आनंदने जेमतेम मिनिटभरात ए4 खेळून टाकलं. कार्लसनने पुढच्याच खेळीला राजा हलवला आणि 38व्या खेळीला आनंदने डाव सोडला.

आमची नातवंडं संगणकावर हा डाव लावतात आणि हसतात, "आजोबा, एवढं साधं दिसलं नाही?" मी सांगतो, राजा सी1वर होता तोवर तो शहच नव्हता, म्हणजे हा मार एका खेळीपूर्वी पटावर नव्हताच. तासभर बचाव करणाऱ्या माणसाचं लक्ष स्वतःच्या बेतात गुंतलेलं असतं. जगज्जेता असली भेट देईल, हे मनातही येत नाही. संगणकाला ना भीती, ना समोरच्याबद्दल आदर.

पण लढत तिथे संपली नव्हती. सातवा डाव 122 खेळ्यांचा. त्यात आनंदने झुंजून बरोबरी वाचवली. पुढचे तीनही डाव बरोबरीत. 23 नोव्हेंबरला अकरावा डाव सुरू झाला तेव्हा कार्लसन साडेपाच-साडेचार असा फक्त एका गुणाने पुढे होता. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना आनंदने 23व्या खेळीला बी5 ढकलून डाव छान उघडला. आणि 27व्या खेळीला बी4वर हत्ती देऊन उंट घेतला. हा सौदा पेलला नाही. 45व्या खेळीला डाव गेला आणि साडेसहा-साडेचार अशी लढतही गेली.

माझ्या मते खरं वळण हे. सहाव्यात संधी दिसली नाही. अकराव्यात चांगली परिस्थिती हातात असताना घाई झाली. सहाव्याचं ओझं त्या घाईमागे होतंच, नाही कसं म्हणू? पण न दिसलेल्या संधीला कोणी काय करणार? हातातल्या परिस्थितीला धीर मात्र देता येतो.

म्हणून नातवंडांना मी दोन्ही डाव मांडून दाखवतो, तेही हत्ती, उंट, घोडा, प्यादं म्हणतच. शाळेत ती रूक-बिशप म्हणतात, म्हणोत. घरचा पट मराठीतच बोलतो. तुमच्याकडे काय म्हणतात? इंदूर, बेळगाव, ग्वाल्हेरवाल्यांनो, जरूर लिहा.