सात-आठ ओळींचं यंत्र

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं संगणकात नाक का खुपसावं, असं काहींना वाटत असेल. कारण घरगुती आहे.

गिरगावातल्या एका वाचनालयात जुन्या व्याख्यानांच्या संहिता विंडोज ९८ वर टंकून ठेवल्या होत्या. ध्वनिफिती केव्हाच बुरशीनं गेल्या, बरेचसे वक्तेही आज नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट रुळली विंडोज २००० पासून, र. कृ. जोशींच्या ‘मंगल’ फाँटसह. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या फाँटमध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या. ती फाइल आज उघडली तर रोमन अक्षरांची भेळ दिसते. म्हणून तो जुना संगणकच आम्ही अख्खा एका आभासी यंत्रात, व्हर्च्युअल मशीनमध्ये, उतरवून ठेवला होता.

पुढची चूक माझी. प्रत घेताना मी डिस्कची भली मोठी फाइल तेवढी घेतली. शेजारची इवलीशी फाइल फालतू समजून सोडली. मग मूळ संगणक बंद पडला.

आता थोडा इतिहास. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या लोकांनी सीपी-४० ही प्रणाली चालवली. संगणक एकच, पण प्रत्येकाला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच. त्यातूनच १९७२ ला व्हीएम/३७० आली. त्या काळात आपल्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६४ ला आलेल्या सीडीसी ३६०० वर कार्डांचे गठ्ठे देऊन काम चाले. व्हीएम/३७० मध्ये प्रत्येकाचं ‘यंत्र’ म्हणजे एका सूचीतल्या काही ओळी असत: नाव, स्मृती किती, कार्डवाचक कोणता, छपाईयंत्र कोणतं, डिस्कचा कुठला तुकडा. १९९९ मध्ये व्हीएमवेअरनं हीच गोष्ट घरगुती संगणकावर आणली, आणि त्या ओळी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये गेल्या. मी टाकून दिली ती हीच.

नैयायिक म्हणतात, तंतू हे पटाचं समवायी कारण, आणि तंतूंचा संयोग हे असमवायी कारण. गिरणगावातल्या पोरांना हे उदाहरण मी तीस वर्षं शिकवलं. त्यांच्या घरी ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असायचं! माझ्याकडे सूत सगळं होतं, संयोग हरवला होता.

परळचा एक जुना विद्यार्थी आला. आधी डिस्कची दुसरी प्रत काढली, मग नोटपॅड उघडलं. फाइलची आवृत्ती, यंत्राची आवृत्ती, नाव, आतली प्रणाली विंडोज ९८, स्मृती २५६, डिस्क जोडलेली आहे, डिस्कच्या फाइलचं नाव. एवढंच. यंत्र सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर निरोप आला: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

मला घाम फुटला. तो म्हणाला, “सर, डिस्कलाच विचारू.” त्या प्रचंड फाइलच्या सुरुवातीला थोडा वाचता येण्याजोगा मजकूर असतो, त्यात अ‍ॅडॅप्टर लिहिला होता आयडीई. आम्ही डिस्क स्कझीला टांगली होती! दोन ओळी बदलल्या आणि विंडोजचं निळं आकाश उगवलं.

‘नवं हार्डवेअर सापडलं’ असं ते बराच वेळ बडबडत राहिलं. फाँट मात्र जागेवर होता. संहिता आता युनिकोडमध्ये नेतोय. रफार अजून भलत्याच अक्षरावर बसतो, तो हातानं हलवावा लागतो. ते काम आम्ही दोघं गुरुवारी संध्याकाळी करतो.